खाऱ्या पाण्यातले पाहुणे

अमीबा म्हटलं की आमच्याकडं माणसं पोटावर हात ठेवतात. मी अमीबावर संशोधन करते हे कळल्यापासून पलूसच्या स्टँडवर, हळदीकुंकवात, एकदा तर एका चुलत्यांच्या तेराव्याला लोकांनी मला बाजूला घेऊन आपापल्या पोटाचा सगळा इतिहास सांगितला आहे. मी आधी मधे बोलून बघायची. आता पूर्ण ऐकून घेते आणि मग सांगते की माझा अमीबा तो नव्हे, माझा समुद्रात राहतो आणि माशांना छळतो. त्यावर समोरच्याचा चेहरा पडतो. एवढं मन मोकळं केलं आणि ते भलत्याच खात्यात, असं त्याला वाटत असावं.

माझा अमीबा डोळ्यांना दिसत नाही. समुद्रात जाळीचे पिंजरे टाकून त्यांत मासे वाढवतात, त्या माशांच्या कल्ल्यांवर तो जाऊन बसतो. कल्ले म्हणजे माशाचं नाक आणि फुप्फुस एकत्रच म्हणा. तिथं त्याचं कुटुंब वाढलं की कल्ल्यांवर पांढरट चिकट थर धरतो आणि मासा भर पाण्यात गुदमरून मरतो. याहून गमतीची गोष्ट म्हणजे या फुकट्याच्या पोटातही आणखी एक फुकट्या राहतो. अगदी केंद्रकाला खेटून एक छोटा वेगळा जीव असतो. तो बाहेर पडला तर मरतो, आणि त्याला बाहेर काढला तर मालकही मरतो. हे मी एकदा घरी जेवताना सांगितलं. आमच्या आत्या तेव्हा माझ्या भावाच्या लग्नासाठी म्हणून महिनाभर आधीच येऊन राहिल्या होत्या आणि सोबत त्यांच्या जावेच्या सुनेला घेऊन आल्या होत्या. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आलेल्याच्या घरात आणि एक येऊन राहिलंय म्हण की." आत्यांनी कालवण वाढून घेतलं आणि हे समुद्रातलं बोलणं आहे असं धरून पुढं जेवल्या.

तर भावाचं लग्न. भाऊ फौजेत आहे, त्याची सुट्टी ठरली तशी तारीख ठरली, आणि नेमकं त्याच दिवसांत आमच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतल्या वायरिंगचं काम निघालं. एसी बंद, फ्रिज बंद. आमच्या सरांनी सांगितलं की प्रत्येकानं आपापले जीव आपापल्या घरी न्यावेत. बाकीच्यांची घरं किनाऱ्यालाच होती. मी माझ्या अमीबाचे तीन चपटे फ्लास्क थर्माकोलच्या डब्यात ठेवले, जादा समुद्राच्या पाण्याची एक बाटली घेतली आणि एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे विचारलं. मी खरं सांगितलं. घाट लागायच्या आत त्या मागच्या सीटवर गेल्या आणि मला आंबा घाट पाय पसरून उतरता... नव्हे, चढता आला.

सुरक्षिततेसाठी मी आणखी एक, चौथा फ्लास्क किनाऱ्यावरच्या एका मैत्रिणीच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवून आले होते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिच्या सासऱ्यांनी औषधाच्या बाटलीला जागा करताना तो उचलून फ्रीजरमध्ये टाकला होता आणि आता त्यात बर्फाचा खडा होता. म्हणजे जगाच्या पाठीवर माझ्या अमीबाचे जिवंत वंशज आता फक्त पलूसजवळच्या आमच्या घरात, बियाण्याच्या खोलीत होते. माझ्या प्रबंधातला शेवटचा प्रयोग त्यांच्यावर व्हायचा होता. ते मेले तर पुन्हा आजारी मासा शोधा, त्याच्या कल्ल्यांवरून अमीबा वेगळा करा, तो वाढवा, म्हणजे आणखी दोन हंगाम गेले. तेवढ्यात माझी शिष्यवृत्तीही संपली असती आणि सरांचा धीरही.

उन्हाळा सुरू झाला होता. फ्रिजवर आता माझा विश्वास नव्हता, तेव्हा फ्लास्क गार राहावेत म्हणून डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळायचं ठरलं. पोतं सतत ओलं ठेवायला कोणीतरी हवं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती ड्यूटी मागून घेतली.

आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात अजून ते सकाळी सगळ्यांची हजेरी घेतात, फक्त मोठ्यानं नावं वाचत नाहीत इतकंच. त्यांनी बियाण्याच्या खोलीत खुर्ची टाकली, दाराला कडी घातली आणि आत्यांच्या जावेच्या सुनेलाही विनाकारण आत यायला मनाई केली. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून अमीबा दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, लय आळशी जनावर हाय, हलतंय कुटं. मी म्हटलं हलतंय, सावकाश. तेव्हापासून ते त्यांना पाहुणे म्हणायला लागले, कारण लग्नघरात जे येतं, खातं आणि सावकाश हलतं ते पाहुणेच.

आप्पांची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांना पाणी पाजायला आवडतं. कुणीही दारात आलं की तांब्या पुढं, मग तो मीटर वाचायला आलेला का असेना. कुत्र्याला पाणी, पाखरांना पाणी, गाडीला रोज पाणी. भावानं कुपवाडहून बैठकीच्या खोलीसाठी एक प्लॅस्टिकचं झाड आणलं होतं, त्यालाही त्यांनी तीन-चार दिवस पाणी घातलं. कळल्यावर म्हणाले, असू दे, धूळ तरी गेली.

आणि दुसरी गोष्ट खालच्या रानाची. ओढ्यालगतचं आमचं सगळ्यात चांगलं रान. आप्पा फौजेतून आले त्याच सुमारास तिकडं पाईपलाईन झाली, आणि ज्या माणसानं नोकरीत वाळवंटातल्या चौक्या काढल्या होत्या त्याला स्वतःच्या हातात पाण्याचा कॉक मिळाला. त्यांनी उसाला पाणी पाजलं. पाजलं म्हणजे किती, तर बांधावरून चप्पल वाहून जाईपर्यंत. काही वर्षं ऊस डोक्याच्या वर गेला. मग खालून खार वर यायला लागला, जमिनीवर मिठाची पांढरी फूट दिसायला लागली, ऊस पिवळा पडला, नंतर उगवलाच नाही. आता तिथं उन्हाळ्यात पीठ सांडल्यासारखं दिसतं. आप्पांनी जमिनीत भोकांचे पाईप पुरून निचरा काढला. दरवर्षी गोडं पाणी सोडून ते खार धुवून काढतात, निचऱ्याच्या नळीतून खारं पाणी ओढ्यात जातं, आणि दरवर्षी माती तपासायला देतात. चाराच्या वर आकडा आला म्हणजे रान खारं, पीक येणार नाही. तो चार हा आकडा आमच्या घरात देवाच्या नावासारखा आहे. रान कशामुळं गेलं यावर मात्र कोणी बोलत नाही. वरच्या शेतकऱ्याचा पाझर, पाईपलाईनवाल्यांचा हलगर्जीपणा, हवामान, अशी कारणं पाहुण्यांना सांगितली जातात आणि आई त्या वेळी चहा ठेवायला उठते.

आता झालं असं, की लग्नाला चार दिवस असताना मी आणि आई साड्यांना फॉल-बिडिंग करून आणायला सांगलीला गेलो. जाताना मी आप्पांना एवढंच सांगितलं की पोतं सुकू देऊ नका. माझ्या सामानात खारटपणा मोजायची एक छोटी नळी होती. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. उसाची गोडी बघायला कारखान्याची माणसं अशीच नळी घेऊन रानात येतात. त्यामुळं ती कशी वापरायची हे आप्पांना मला शिकवावं लागलं नाही, आणि तेच नडलं.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही परत आलो. आप्पा अंगणात उभे होते. चेहरा असा, की सीमेवरचं काहीतरी निभावून आलेत.

"पोरी, तुजं पाहुणं वाचवलं बग," ते म्हणाले. "उन्हानं पाणी आटून खार पस्तिसावर गेलता. समदं बदलून चारावर आणून ठिवलंय."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसले. समुद्राचं पाणी पस्तीसच असतं. पस्तिसावरच माझा अमीबा सुखानं राहतो. जमिनीच्या तपासणीतला चार आणि माझ्या नळीतला पस्तीस ही मापंच वेगळी, एक किलोमीटर आणि एक किलो इतकी वेगळी, पण हे मी आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या हिशेबानं सगळं अगदी रीतसर केलं होतं. फ्लास्क आडवा धरून, तळाला चिकटलेले पाहुणे हलू न देता, जुनं पाणी निथळून काढलं. मग फिल्टरचं गोडं पाणी भरलं. मोजलं. पुन्हा निथळलं, पुन्हा भरलं. तिन्ही फ्लास्कना. जादा समुद्राच्या पाण्याची बाटलीही मोजली, तीही पस्तीस निघाली, म्हणून घरापासून लांब ओढ्यात नेऊन ओतली. झाडाच्या बुडात ओतून झाड मारायला ते काही कालचे शेतकरी नव्हते. खात्री करायला त्यांनी त्यातला एक थेंब जिभेवरही घेतला होता.

मग माझा तोल सुटला. मी उभ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या अमीबावर गोडं पाणी हेच औषध आहे, म्हणजे त्याला मारायचं औषध. परदेशात माशांना हा रोग झाला की मोठमोठ्या टाक्यांत गोडं पाणी भरून माशांना त्यात अंघोळ घालतात, मासे वाचतात आणि अमीबा मरतो. आप्पांनी आज तीन फ्लास्कना तीच अंघोळ घातली होती. आतून आत्या म्हणाल्या, मग मासं वाचलं म्हणायचं. कुठले मासे हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

आप्पांनी नेहमीसारखा आवाज चढवला नाही. त्यांनी एकदा विचारलं, त्या थेंबानं मला काय हुईल का. मी म्हटलं तुम्हाला कल्ले नाहीत, काही होणार नाही. त्यांनी मान हलवली. मग खुर्चीवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले.

"मला दुसरं काय येतंय," ते म्हणाले. "रान बी मी असंच पाणी पाजून मारलं."

आई चहा ठेवायला उठली नाही. आमच्या घरात ते वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी बोललं होतं, आणि ज्यानं बोलायचं तोच बोलला. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मला एकदम रडू आलं, अमीबासाठी आणि आप्पांसाठी, कुणासाठी किती ते सांगता येणार नाही.

डोळे पुसून मी बियाण्याच्या खोलीत गेले. गावच्या हायस्कूलमधून लग्नाची पत्रिका देता देता जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला होता. एकेका फ्लास्कमधला थेंब काचपट्टीवर घेऊन बघितला. बरेच फुटले होते. पण काही नुसते आखडून गोळा झाले होते, हातपाय पोटाशी घेतल्यासारखे, निश्चल. असं होतं हे मी वाचलं होतं. गोडं पाणी अंगावर आलं की काही अमीबा आकसून बसतात, आणि वेळेत खारं पाणी मिळालं तर पुन्हा उलगडतात. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. वेळेत म्हणजे किती वेळात, तेही धड माहीत नव्हतं.

समुद्र घाटापलीकडं. सांगलीत शोभेच्या माशांच्या एका दुकानात मी फोन केला आणि समुद्री माशांसाठीचं मीठ आहे का विचारलं. दुकानदारानं सोनेरी माशांचं खाद्य आहे, नवीन आलंय, असं सांगितलं. नुसतं स्वयंपाकाचं मीठ पाण्यात टाकून समुद्र होत नाही, त्यात बाकीचेही क्षार लागतात, जमिनीतून धुवून आलेले. हे वाक्य मनात पूर्ण झालं आणि मी तशीच अंगणात आले.

मी विचारलं, "आप्पा, खालच्या रानाच्या निचऱ्याच्या नळीला आत्ता पाणी येतंय का?"

आप्पांनी मान वर केली. त्या नळीबद्दल त्यांना इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. येतंय की, ते म्हणाले, आणि उठून गाडीची किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्याच खिशात होती.

आम्ही कॅन घेऊन गेलो. उन्हं कलली होती, खालच्या रानावर पांढरी फूट पसरलेली. निचऱ्याच्या तोंडाशी बोटभर धार होती. आप्पांनी थेंब काचेवर घेतला, आकाशाकडं तोंड करून नळीला डोळा लावला. नऊ. एरवी ज्या आकड्यानं त्यांचं काळीज खाल्लं असतं, त्याच्याकडं बघून ते नाराज झाले. आज जरा जास्त पायजे हुता, म्हणाले. मग माझ्याकडं बघून ओशाळले आणि दोघांनाही हसू फुटलं.

घरी येऊन पाणी फडक्यानं गाळलं, उकळलं, परातीत ओतून गार केलं. मांडवाच्या कडेला आचाऱ्यानं खडेमिठाचं पोतं आणून ठेवलं होतं. आप्पा त्यातून मूठ मूठ मीठ आणून पाण्यात टाकत होते आणि मी मोजत होते. ज्या माणसानं आयुष्याची कितीतरी वर्षं स्वतःच्या रानातून मीठ बाहेर काढण्यात घालवली, तो त्याच रानाच्या पाण्यात आपल्या हातानं मीठ टाकत होता, आणि थोडं थांबा म्हटलं तर त्याचा हात थांबत नव्हता. बांधाशेजारचे काका हळदीच्या बोलावण्याचं विचारायला आले होते. त्यांनी हे बघितलं, काही न विचारता परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती की लग्नाच्या काळजीनं हवालदारांच्या डोक्यावर परिणाम झालाय. पस्तीस आल्यावर आप्पांनी मला नळीतून पुन्हा एकदा बघायला लावलं. मग मी तिन्ही फ्लास्कमधलं पाणी थोडं थोडं करून बदललं. आप्पा डबा घट्ट धरून उभे होते.

त्यानंतर लग्न अंगावर आलं. मेंदी, हळद, घाणा, वऱ्हाड, भावाची फौजेतली मित्रमंडळी. मी सवड काढून खोलीत जायची आणि भिंगाखाली तेच गोळे बघून यायची. हळदीत आप्पांचं तोंड पिवळं झालेलं, चारी बाजूंनी माणसं, आणि ते माणसांच्या डोक्यांवरून माझ्याकडं बघून भुवया उडवायचे. मी मान हलवायची. मग ते समोरच्याला म्हणायचे, बसा की, पाणी घ्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन फ्लास्कमध्ये गोळे फुटून मरायला लागले. मी ते आप्पांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, पण पोतं सुकू दिलं नाही.

लग्नाच्या सकाळी मी शालू नेसून, केसांत गजरा माळून, एका हातात पिना आणि दुसऱ्या हातात काचपट्टी अशी सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. मला शोधायला आलेल्या आत्या दारात थबकल्या. तिसऱ्या फ्लास्कमधल्या थेंबात एका गोळ्याला कडेला फुगवटा आला होता. तो फुगवटा पुढं सरकला, त्याच्यातून आणखी एक बोट निघालं, आणि तो अख्खा जीव मला ठाऊक असलेल्या त्याच आळशी चालीनं एका बाजूला निघाला. मी काचपट्टी हलवली. आणखी एक. त्याच्या पलीकडं दोन. आत्या म्हणाल्या, अगं नवरीकडचं वऱ्हाड दारात आलंया. मी म्हटलं, थांबू दे.

मांडवात आप्पा फेटा बांधून नवरीकडच्या माणसांना हात जोडत उभे होते. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि कानाजवळ तोंड नेलं, कारण बँड वाजत होता.

"आप्पा, जगलेत. समदे न्हाईत. थोडे हायेत, पण चालायला लागलेत."

त्यांनी जोडलेले हात तसेच ठेवले.

"खालच्या रानाच्या पाण्यात?"

"व्हय."

त्यांचे ओठ हलले, पण बँडमुळं मला ऐकू आलं नाही, म्हणून मी परत विचारलं.

"म्हंजी त्या रानात कायतरी जगलं म्हण की," ते म्हणाले, आणि फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

नवरदेवाच्या बापाला भर मांडवात रडताना नवरीकडच्यांनी कधी बघितलं नसावं. नवरीचे मामा पुढं आले, त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घातली की अहो, तुमची लेक जात नाहीये, सून घरी येतेय. आप्पांनी होय होय म्हणत मान हलवली. मी त्या भल्या माणसाला काही समजावून सांगितलं नाही. आप्पांचा फेटा सरळ केला आणि त्यांचा हात धरून तिथंच उभी राहिले.